आधी श्वास, मग नाव

जुलैतली पहाट, पाचला दहा कमी. मराठवाड्यातल्या एखाद्या जिल्हा रुग्णालयाची कॅज्युअल्टी डोळ्यांसमोर आणा. रात्रपाळीच्या डॉक्टरबाईंनी चहाचा पहिला घोट घेतलाय, तेवढ्यात दारात जीप थांबते आणि एक बाप दहा-अकरा वर्षांच्या पोराला खांद्यावर टाकून आत येतो.

"पोटात दुखायलंय म्हणतो मॅडम, तीन वाजल्यापासून. उलटी बी झाली एक."

पोटदुखी, उलटी, पावसाळ्याचं गढूळ पाणी. दिवसा ओपीडीत आला असता तर हा मुलगा एक सुई, ओआरएसची दोन पाकिटं आणि "बाहेरचं खाऊ देऊ नका" एवढ्यावर सुटला असता. डॉक्टरबाई चहा टेबलावर ठेवतात आणि पोटाचं सोडून भलतंच विचारतात.

"रात्री कुठं झोपला होता हा? पलंगावर का खाली?"

"खालीच. आम्ही समदेच खाली झोपतो."

"काही चावलं होतं?"

"न्हाई ओ. चावलं असतं तर बोंबलला नसता का?"

"बाळा, वर बघ. छताकडं. तसंच बघत राहा." मुलाची बुबुळं वर जातात, पापण्या मात्र हळूहळू खाली उतरत येतात. "आता एका दमात आकडे म्हण." अकरावर दम संपतो, आणि आवाज नाकातून येतोय. "मान उचल बरं उशीवरून." मान उचलत नाही.

मण्यार.

हा साप रात्री फिरतो, उंदीर-पालींच्या मागे घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंधारात चावतो. त्याचे दात इतके बारीक, की चावा पुष्कळदा कळतसुद्धा नाही. सूज नाही, रक्त नाही, शोधूनही खूण सापडत नाही. दोन-तीन तासांनी पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात, मग थुंकी गिळवत नाही आणि शेवटी छातीचे स्नायू थांबतात. विष मज्जातंतूंच्या टोकांवर बसतं. रक्तात मोकळं फिरणारं विष प्रतिविषाने, म्हणजे एएसव्हीने, निकामी करता येतं. पण जी टोकं एकदा गेली ती आपली आपण भरून यायला दिवस लागतात, आणि तोवर श्वास यंत्राने द्यावा लागतो. म्हणून घाई. म्हणूनच पोटदुखीवाल्या पोराला 'खाली झोपला होतास का' हा प्रश्न.

पुढची दहा मिनिटं फार कमी बोलणं होतं. एएसव्ही आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कोरड्या भुकटीच्या कुपीत येतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर ते एकच. सुरुवातीला दहा कुप्या लागतात आणि प्रत्येकीत पाणी घालून भुकटी विरघळवावी लागते. हलवून चालत नाही, फेस होतो. सिस्टर दोन तळहातांमध्ये कुपी धरून ताकातली रवी फिरवावी तशी फिरवतात, फक्त फार हळू. एक, दोन, तीन, दहा. दुसऱ्या सिस्टरने ॲड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवलेलं असतं, कारण प्रतिविषाचीच रिॲक्शन येऊन पेशंट कोसळू शकतो. ब्रदर एका काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता उभी ठेवतो. वीस मिनिटांनी नळी तिरकी करायची. रक्त गोठलेलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचा संशय. या तपासणीला नळी काचेचीच हवी, कोरडी हवी आणि साबणाने धुतलेली नको, नाहीतर उत्तर चुकतं. जगातल्या सर्वांत स्वस्त तपासण्यांपैकी ही एक असावी, आणि ती फसते ती धुण्याच्या पावडरीमुळे.

या सगळ्यात मुलाचं नाव अजून कुणी विचारलेलं नाही. बाप केसपेपर काढायला खिडकीपाशी उभा आहे.

*

वैद्यकाच्या इतर शाखा 'याला काय झालंय?' या प्रश्नाने सुरू होतात. आधी पेशंटची हकिगत, मग तपासणी, मग चाचण्या, मग निदान आणि शेवटी उपचार. साडेचार वर्षं विद्यार्थ्याला हाच क्रम घोटवतात. कॅज्युअल्टीत तो उलटा होतो. इथला प्रश्न आहे, 'हा पुढच्या दहा मिनिटांत कशाने मरू शकेल?' श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास चालतोय का, रक्त फिरतंय का, या क्रमाने हात चालतात. निदान नंतर लागतं, कधी कधी लागतच नाही. अपघातात सापडलेला माणूस 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४०' या नावाने भरती होतो, त्याच्या छातीत नळी पडते, दोन बाटल्या रक्त चढतं आणि मग कधीतरी त्याच्या खिशातला मोबाइल वाजतो.

हा उलटा प्रश्न ऐकायला सोपा आहे. रोज शंभर माणसांना तो विचारणं अवघड, कारण शंभरातल्या बहुतेकांना साधंच काहीतरी झालेलं असतं. "छातीत गॅस धरलाय" म्हणत येणारा मराठी माणूस घ्या. आपल्याकडे हृदय कधी दुखत नाही, गॅसच होतो! सोडा पिऊन, ओवा खाऊन, पाठीवर मुठी मारून घेऊन तो दोन तासांनी येतो, आणि त्यालाही मनातून गॅसच हवा असतो. कॅज्युअल्टीचा नियम असा, की गॅसवाल्याचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांच्या आत निघाला पाहिजे. मधुमेही माणूस आणि बाई यांच्याबाबतीत तर जास्तच, कारण त्यांचा झटका पुष्कळदा छातीत न दुखता येतो. नुसता घाम, दम, जबड्यात कळ, नाहीतर "कसंतरीच होतंय". नऊ ईसीजी सरळ निघतात. दहावा सरळ नसतो, आणि दहाव्याच्या वेळी डॉक्टर पहिल्या नवांनी कंटाळलेला असतो.

कॅनडातल्या हॅलिफॅक्सचे पॅट क्रॉस्केरी हे स्वतः इमर्जन्सीचे डॉक्टर आणि मूळचे मानसशास्त्राचे अभ्यासक. डॉक्टर चुकतात ते माहिती नसल्यामुळे कमी आणि विचार लवकर थांबवल्यामुळे जास्त, हे त्यांनी कित्येक वर्षं मांडलं. पहिल्या अंदाजाला चिकटून बसणं हा त्यातला एक सापळा. दुसरा, आधीच्या माणसाने लावलेली चिठ्ठी तशीच पुढे नेणं. पोलीस एकाला आणतात, "दारू पिऊन पडलाय साहेब, रोजचाच आहे." वास येतोय खरा. पण बोटाला सुई टोचून साखर पाहावी तर २८. शिरेतून ग्लुकोज जातं आणि दोन मिनिटांत तो उठून बसून विचारतो, "माझी चप्पल कुठाय?" पुढच्या आठवड्यात तसाच दुसरा येतो. वास तोच, साखर मात्र ठीक, आणि कवटीत रक्त साचतंय. दारूचा वास हे निदान नव्हे, ही गोष्ट प्रत्येक नवा डॉक्टर कुणा ना कुणा पेशंटकडून शिकतो. तो पेशंट वाचलेला असला तर दोघांचंही नशीब.

*

या कामाला स्वतंत्र शाखा म्हणून मान मिळायला फार उशीर लागला. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक दोमिनिक लारे याने जखमींना रणातून झटपट उचलून नेणाऱ्या घोडागाड्या आणल्या आणि आधी कुणावर उपचार करायचे हे हुद्द्यावरून न ठरवता जखमेवरून ठरवलं. निवड करणं या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून 'ट्रायाज' हा शब्द आला. लाल, पिवळा, हिरवा आणि काळा या चार रंगांत माणसं वाटण्याची रीत त्याच विचाराची पणती. 'कॅज्युअल्टी' हा शब्दही जुनाच. इंग्लंडने १९६२ च्या प्लॅट अहवालानंतर तो टाकायला सुरुवात केली. आपण अजून वापरतो. पाटीवर 'आपत्कालीन विभाग' रंगवलेलं असतं आणि रिक्षावाला "कॅजल्टीच्या दारात सोडू का?" विचारतो.

शांततेच्या काळातल्या इस्पितळांत मात्र हा विभाग कुणालाच नको होता. लीड्सच्या इस्पितळात १९५२ साली मॉरिस एलिस यांना कॅज्युअल्टीचे पूर्णवेळ तज्ज्ञ म्हणून नेमलं, तेव्हा ती नवलाईची गोष्ट होती. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया इस्पितळात १९६१ साली जेम्स मिल्स आणि आणखी तिघांनी आपापले चालते दवाखाने सोडले आणि इमर्जन्सी रूम पाळीपाळीने चोवीस तास चालवायला घेतली. १९६८ मध्ये अमेरिकेत अशा डॉक्टरांची संघटना झाली. १९७० मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात पहिला शिकाऊ डॉक्टर या विषयात दाखल झाला. शाखेवर शिक्का बसायला १९७९ उजाडलं. आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेने २००९ साली आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र विषय मानलं. म्हणजे आज पन्नाशीत असलेल्या कुठल्याही भारतीय डॉक्टरला विद्यार्थिदशेत हा विषय म्हणून शिकवणारं कुणी नव्हतं. कॅज्युअल्टीत बसायचे ते नुकते पास झालेले इंटर्न, पाळीवरचे सीएमओ (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर) आणि दर सहा महिन्यांनी बदलणारे वैद्यकीय अधिकारी. सर्वांत कमी अनुभवाचा माणूस सर्वांत अवघड दारावर. अजूनही पुष्कळ ठिकाणी तसंच आहे.

शाखा नव्हती, पण काम होतंच. महाराष्ट्रात ते कुणी कसं केलं, हे पाहायचं तर महाडला जायला हवं.

१९७६ साली हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू. भात झोडताना, पेंढा उचलताना, चपलेत पाय घालताना चावायचा. वेदना तर सगळ्यांनाच व्हायच्या. पण काहींना दरदरून घाम फुटायचा, हातपाय बर्फासारखे गार पडायचे आणि काही तासांत तोंडातून गुलाबी फेस येऊन माणूस, बहुतेकदा लहान मूल, दगावायचं. गंभीर लक्षणं दिसलेल्या शंभरांतले तीस-चाळीस जायचे. पुस्तकांत यावर फारसं काही नव्हतं. बावस्कर पेशंटच्या खाटेशेजारी रात्ररात्र बसले आणि नाडी, रक्तदाब, हातापायांची उष्णता, फुप्फुसातला आवाज लिहीत गेले. त्यातून साखळी उलगडली. विंचवाच्या विषाने शरीर स्वतःचंच ॲड्रिनॅलिन धबाधबा सोडतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. मग या आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी, रक्तदाबासाठी आधीपासून मिळत असलेली प्राझोसिनची साधी गोळी त्यांनी वापरली. हातपाय गरम व्हायला लागले की मूल वाचणार, हे घरच्या बायांनाही कळू लागलं. हे काम १९८० च्या दशकात 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि पुढे विंचूदंशाचे मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मला या कथेतली गोळी महत्त्वाची वाटतेच, पण त्याहून महत्त्वाचं वाटतं ते रात्रभर बसून राहणं. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरला नेमकं तेच जमत नाही. मागे रांग असते.

*

रांगेत काय असतं ते जिल्ह्यावर अवलंबून. मुंबईत शीव, केईएम, राजावाडीच्या दारात लोकलमधून पडलेले आणि रूळ ओलांडताना सापडलेले येतात; मुंबईच्या रेल्वेवर आजही वर्षाला दोन हजारांवर माणसं मरतात. एक्स्प्रेसवेच्या अंगाला गाड्या. भारतात २०२२ साली रस्ता अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त मृत्यू नोंदले गेले. विदर्भ-मराठवाड्यात आणखी एक पेशंट ठरलेला: कीटकनाशक प्यालेला, किंवा ते फवारताना अंगात गेलेला. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले आणि ही गोष्ट देशभर पोचली. कॅज्युअल्टीला ती आधीच ठाऊक होती.

हा पेशंट डोळ्यांआधी नाकाला कळतो. लसणासारखा उग्र वास, टाचणीच्या टोकाएवढी बुबुळं, तोंडातून लाळ, छातीत घरघर. बहुतेक ऑर्गनोफॉस्फरस औषधांत माणूस आपल्याच स्रावात बुडून मरतो. उतारा ॲट्रोपिनचा. पहिला डोस तीन ॲम्प्यूल. पाच मिनिटांनी छाती ऐकायची. घरघर कमी नसेल तर दुप्पट, म्हणजे सहा. मग बारा, मग चोवीस, मग अठ्ठेचाळीस. वीस मिनिटांत त्र्याण्णव ॲम्प्यूल फोडून झालेल्या असतात. प्रत्येक काचेची, बोटाएवढी, मानेपाशी मोडायची. इंटर्न, सिस्टर आणि हातात कापूस घेतलेले वॉर्डबॉय मामा असे तिघंजण एका टेबलाभोवती उभे राहून ॲम्प्यूल मोडतायत, ट्रेमध्ये काचांचा ढीग पडलाय, एकाच्या अंगठ्यातून रक्त येतंय आणि थांबायला कुणाला वेळ नाही, हे दृश्य ज्याने पाहिलं त्याला 'उपचार' या शब्दामागची मजुरी कळते. छाती कोरडी झाली, नाडी ऐंशीच्या वर गेली की थांबायचं. नवशिका नुसत्या बुबुळांकडे बघत बसतो आणि फसतो. हे चालू असताना मावशी पेशंटचे कपडे काढून त्याला साबणाने धूत असतात, कारण विष कातडीतूनही जात असतं. मावशींना हातमोजे मिळालेत का, हे विचारणारा डॉक्टर मी चांगला डॉक्टर समजतो.

हे सगळे दारापर्यंत येतात कसे? २०१४ च्या जानेवारीत महाराष्ट्रात '१०८' सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिका घेऊन. आपल्या १०८ चं वैशिष्ट्य असं, की गाडीत डॉक्टर असतो, आणि तो बहुतेकदा बीएएमएस असतो. शहरातल्या चर्चांत या माणसाचा उल्लेख क्वचित होतो. घाटात, चालत्या गाडीत, मोबाइलच्या उजेडात बाळंतपण करणारा तोच. एका हाताने गाडीची कडी आणि दुसऱ्याने श्वासाची पिशवी धरून चाळीस किलोमीटर येणाराही तोच. कॅज्युअल्टीत पोचल्यावर त्याने सांगितलेल्या तीन वाक्यांवर पुढचं सगळं उभं राहतं, आणि ती वाक्यं ऐकून घ्यायला आतल्या डॉक्टरला पुष्कळदा सवड नसते. दोन डॉक्टरांमधल्या त्या अर्ध्या मिनिटात जितकं हरवतं तितकं रस्त्यात हरवत नसेल.

*

आता नातेवाइकांकडे वळू. कॅज्युअल्टीत एका पेशंटमागे सरासरी किती माणसं येतात याचा आकडा माझ्याकडे नाही, पण गावात अपघात झाला तर टेम्पो भरून येतात. त्यांच्या बाजूने पाहा. आपला माणूस ट्रॉलीवर विव्हळतोय, आणि डॉक्टर त्याला ओलांडून कोपऱ्यातल्या एका गप्प पडलेल्या म्हाताऱ्याकडे गेला. तो म्हातारा गप्प आहे म्हणूनच डॉक्टर तिकडे गेलाय. जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. पण हे नातेवाइकांना कुणी सांगत नाही. त्यांना दिसतं एवढंच: आमच्या पोराला बघतच नाहीत.

२०१७ च्या मार्चमध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला जमावाने इतकं मारलं, की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. कारण काय, तर डोक्याला मार लागलेल्या पेशंटसाठी मेंदूचा शल्यविशारद तिथे नव्हता आणि त्याने पेशंट हलवायला सांगितलं. राज्यभर निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले. वास्तविक महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे: वैद्यकीय सेवेतल्या माणसावर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, मोडलेल्या यंत्राची दुप्पट भरपाई. त्याची पाटी प्रत्येक कॅज्युअल्टीत भिंतीवर असते आणि मारणाऱ्यांपैकी कुणी ती वाचलेली नसते. माझं मत विचाराल तर पाटीपेक्षा दारावर एक बोलका माणूस बसवावा. 'लाल, पिवळा, हिरवा म्हणजे काय, तुमचा पेशंट कुठल्या रंगात, अजून किती वेळ' एवढं तासातासाला सांगणारा. धुळ्याच्या त्या डॉक्टरकडे सांगण्यासारखं फक्त 'नाही' होतं. कुठं व्हेंटिलेटर नाही, कुठं खाट नाही, कुठं सर्जन नाही. ज्याने यंत्रणा उभी केली नाही तोच तिच्या वतीने माफी मागत उभा असतो, आणि हातही त्याच्यावरच उठतो.

मृत्यू सांगणं हे तर वेगळंच काम. वॉर्डातल्या डॉक्टरची नातेवाइकांशी चार दिवसांची ओळख झालेली असते. इथे ओळख वीस मिनिटांची, आणि सकाळी डबा घेऊन घरून निघालेल्या माणसाबद्दल बोलायचं असतं. नवे डॉक्टर "सीरियस आहे", "प्रयत्न चालू आहेत", "आता देवावर" अशा पायऱ्या उतरत राहतात आणि समोरचा प्रत्येक पायरीवर आशा धरतो. जुने डॉक्टर नातेवाइकांना बाजूला नेतात, बसवतात, स्वतः बसतात, आणि स्पष्ट सांगतात: "ते वारले." मग गप्प राहतात. ते गप्प राहणंच कठीण. त्या अर्ध्या मिनिटात बाहेरून मामा डोकावतो, "डॉक्टर, नवीन पेशंट."

*

एक काम मात्र अजिबात दिसत नाही. लिहिणं.

अपघात, मारामारी, विष, भाजणं, साप, यातलं काहीही असलं की केस 'एमएलसी' होते, म्हणजे मेडिको-लीगल, पोलिसांत नोंदवायची. एकेकाळी याच तीन अक्षरांच्या भीतीने इस्पितळं पेशंट परत पाठवत. गाडीने उडवलेल्या एका स्कूटरवाल्याला जवळच्या इस्पितळाने 'आमच्याकडे एमएलसी होत नाही' म्हणून वीस किलोमीटरवर धाडलं आणि तो वाटेत गेला. ती बातमी घेऊन परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८९ साली निकाल लागला: सरकारी असो की खासगी, जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य, कागद नंतर. जखमीला उचलून आणणाऱ्या वाटसरूला त्रास होऊ नये म्हणून २०१६ मध्ये याच न्यायालयाने संरक्षण दिलं आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत ते कायद्यात आलं.

कागद नंतर, पण कागद सुटत नाही. जखम किती सेंटिमीटर, कडा स्वच्छ की फाटलेल्या, साधी की गंभीर, हत्यार धारदार की बोथट. पहाटे चारला, रक्ताने भरलेला हातमोजा काढून लिहिलेल्या या चार ओळी सात-आठ वर्षांनी सत्र न्यायालयात बचाव पक्षाचा वकील मोठ्याने वाचतो. "डॉक्टर, आपण इथे 'डावा' लिहिलंय की 'उजवा'?" डॉक्टरची तोवर तीन ठिकाणी बदली झालेली असते. पेशंटचा चेहरा आठवत नाही. अक्षर आपलंच आहे एवढं ओळखू येतं.

सर्वांत जड कागद भाजलेल्या बाईचा. "स्टोव्ह भडकला," ती म्हणते. शेजारी सासू उभी, दाराशी नवरा. अंगाला रॉकेलचा वास. अनुभवी डॉक्टर त्या क्षणी काही बोलत नाही. ड्रेसिंगचं निमित्त करून सगळ्यांना बाहेर काढतो, सिस्टरला थांबवतो आणि पुन्हा विचारतो, "ताई, आता सांगा. आता इथं कुणी नाही." नायब तहसीलदार जबाब घ्यायला येईपर्यंत ती शुद्धीवर राहील का, बोलू शकेल का, हे डॉक्टरने लिहून द्यायचं असतं. जबाबाला डॉक्टरचा दाखला नसला तरी तो आपोआप बाद होत नाही, असं २००२ साली लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात घटनापीठाने ठरवलं. तरी दाखला मागितला जातोच. मॉर्फिन दिलं तर "पेशंट गुंगीत होती" म्हणतील. न द्यावं तर ती तळमळतेय. पुस्तकात उत्तर आहे: वेदना आधी. पण ते अमलात आणायला पहाटे तीन वाजता एकट्या माणसाला जो धीर लागतो तो पुस्तकात नसतो.

झोपेबद्दल थोडक्यात. निवासी डॉक्टरांचं सलग काम सहसा दिवसाला बारा तासांपुढे जाऊ नये, असा केंद्राचा १९९२ चा नियम आहे. कुठल्याही निवासी डॉक्टरला हा नियम सांगून त्याचा चेहरा पाहावा. आणि कॅज्युअल्टीत "आज शांत आहे नाही?" असं कधी म्हणू नये. विज्ञान शिकलेली माणसं आहेत, पण हे वाक्य उच्चारणाऱ्या इंटर्नला बाहेर काढतात.

*

सकाळी आठला पाळी बदलते. डॉक्टरबाई फळ्यापाशी उभ्या राहून नव्या डॉक्टरला खाटा वाचून दाखवतात: एक नंबर, छातीत दुखणं, दुसरा ईसीजी नऊ वाजता. तीन नंबर, डोक्याला मार, सीटीला गेलाय. पाच नंबर रिकामी, तो मण्यारचा मुलगा सव्वासहाला आयसीयूत गेला, ट्यूब टाकलीय.

त्या घरी जातात. इथला पेशंट असाच संपतो, गोष्टीचं शेवटचं पान फाडलेलं. जे वाचतात ते वर वॉर्डात वाचतात, सुट्टी होते तेव्हा पेढे वॉर्डातल्या सिस्टरना मिळतात. खाली उरतात ते दारातच गेलेले. वर्षानुवर्षं असं काम केल्यावर माणसाला वाटू लागतं, की आपल्या हातून फक्त मरतात. म्हणून काही जण घरी जाण्याआधी मुद्दाम एक चक्कर आयसीयूत मारतात. बहुतेकांना तेवढी ताकद उरत नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कॅज्युअल्टीतला फोन वाजतो. वरून आयसीयूच्या सिस्टर.

"मॅडम, तो मण्यारचा पेशंट. केसपेपरवर एएसव्ही सुरू केल्याची वेळ लिहायची राहिलीय तुमची."

"कसा आहे तो?"

"ट्यूब काढली सकाळी. चहाला बिस्कीट पायजे म्हणून बसलाय. वेळ सांगा ना मॅडम, ऑडिट आहे उद्या."

"पाच वाजून पाच मिनिटं," डॉक्टरबाई म्हणतात. "थांबा, मीच येते वर. सही करते." खुर्चीवरून उठताना त्या टेबलावरच्या डब्यातला पारलेजीचा पुडा उचलतात.

"आणि सिस्टर, त्याचं नाव काय हो?"